ओटाव्यात मूळ रहिवाशांचे धोरण आणि शासन शिकायला येणाऱ्यांसाठी

ओटाव्यात उच्च शिक्षणासाठी येणारे बहुतेक मराठी विद्यार्थी संगणकशास्त्र, अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापन शिकायला येतात. परंतु लोकधोरण, आणि त्यातही कॅनडाच्या मूळ रहिवाशांशी संबंधित धोरण व शासन हा विषय निवडून आलेलेही अधूनमधून भेटतात. त्यांपैकी कोणी गडचिरोलीत किंवा मेळघाटात एखाद्या संस्थेबरोबर काम केलेले असते, कोणी समाजकार्याची किंवा कायद्याची पदवी घेतलेली असते, आणि जवळजवळ प्रत्येकाची अशी समजूत असते की आपल्याकडे ज्याला आदिवासी विकास म्हणतात तोच विषय येथे शिकवला जात असेल. राहण्याची जागा, बँकेचे खाते आणि थंडीचे कपडे यांविषयी सांगणारे पुष्कळ जण भेटतील आणि पुढे मीही थोडे लिहिणार आहे, परंतु ही समजूत जितक्या लवकर सुटेल तितके पहिले सत्र सोपे जाईल, म्हणून सुरुवात तिच्यापासून करते.

कोणती योजना कोणापर्यंत पोहोचली यापेक्षा कोणत्या शासनाचा अधिकार कोठून येतो आणि कोठपर्यंत चालतो, हा येथील अभ्यासाचा गाभा आहे. १८६७ च्या संविधानाच्या कलम ९१(२४) ने ‘इंडियन’ लोक आणि त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनी (रिझर्व्ह) हा विषय केंद्राकडे दिला, आणि त्या बळावर १८७६ मध्ये झालेला इंडियन ॲक्ट अनेक दुरुस्त्यांनंतर आजही लागू आहे. या कायद्याखाली कोणाला ‘इंडियन’ म्हणायचे ते ओटाव्यातील कार्यालयाने ठरवले. इतर समाजातील पुरुषाशी लग्न करणाऱ्या स्त्रीचा दर्जा १९८५ पर्यंत काढून घेतला जात असे. १८८४ च्या दुरुस्तीने पश्चिम किनाऱ्यावरील पॉटलॅच या समारंभावर बंदी घातली, आणि जमिनीच्या दाव्यांसाठी वकील लावायला पैसे जमवणे हाही १९२७ पासून १९५१ पर्यंत गुन्हा होता. हे सारे लक्षात घेतले, तर १९८२ च्या संविधानातील कलम ३५ ने मूळ रहिवाशांचे विद्यमान हक्क आणि करारांतून आलेले हक्क मान्य केले याचे मोल कळते. ‘इंडियन’ (म्हणजे आजचे फर्स्ट नेशन्स), इनुइट (आर्क्टिक प्रदेशातील) आणि मेटी (युरोपीय व मूळ रहिवासी अशा मिश्र वारशाचे) असे तीन समाज या कलमात नावाने आले आहेत. बोलताना आणि लिहिताना ज्या समाजाविषयी बोलायचे त्याचे नाव घ्यावे, आणि ‘इंडियन’ हा शब्द कायद्याच्या संदर्भापुरताच ठेवावा.

एका उदाहरणावर थोडे थांबते, कारण वर्गात ते वारंवार येते. ब्रिटिश कोलंबियातून जाणाऱ्या कोस्टल गॅसलिंक या वायुवाहिनीसाठी मार्गावरील वीस फर्स्ट नेशन्सच्या निवडून आलेल्या बँड कौन्सिलांनी (स्थानिक शासन-मंडळांनी) कंपनीशी करार केले होते. वेट्सुवेटेन समाजाच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी मात्र विरोध केला, आणि २०२० च्या फेब्रुवारीत त्यांच्या समर्थनार्थ देशभर रेल्वेमार्ग अडवले गेले. निवडून आलेल्यांचा शब्द अंतिम, असे आपल्याला लोकशाहीच्या संस्कारामुळे सहज वाटते. परंतु बँड कौन्सिल ही रचना इंडियन ॲक्टमधून आली, तिचा अधिकार रिझर्व्हच्या हद्दीपुरता आहे, आणि रिझर्व्हच्या बाहेरील विस्तीर्ण पारंपरिक प्रदेशाचा कारभार ज्या कुळांच्या घरांकडे होता त्यांचेच प्रमुख १९९७ च्या डेलगामूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे उभे होते. त्या निकालात न्यायालयाने मौखिक इतिहासाला पुरावा म्हणून योग्य वजन द्यावे असे सांगितले, तरी मालकीचा प्रश्न न सोडवता नव्या सुनावणीकडे सोपवला. मग सरकारने सल्लामसलत नेमकी कोणाशी करायची? हा प्रश्न समोर ठेवून या दोन्ही बाजूंचे कागद वाचले तर पाठ्यपुस्तकातील अनेक प्रकरणे आपोआप उलगडतात. २००४ च्या हैडा निकालाने हक्क सिद्ध होण्याआधीही सल्लामसलतीचे कर्तव्य सरकारवर येते असे ठरवले, आणि २०१४ च्या चिल्कोतिन निकालाने प्रथमच एका निश्चित भूभागावर मूळ रहिवाशांची मालकी मान्य केली. हे दोन्ही निकाल ओटाव्याला येण्यापूर्वीच मुळातून वाचून ठेवावेत.

वाचनाचे म्हणाल तर मूळ रहिवाशांविषयीच्या शाही आयोगाचा (रॉयल कमिशन) १९९६ चा पाच खंडांचा अहवाल पूर्ण वाचण्याची अपेक्षा कोणी करत नाही. १९९० मध्ये क्वेबेकमधील ओका येथे मोहॉक लोकांच्या जमिनीवरून झालेल्या संघर्षानंतर नेमलेल्या या आयोगाने स्वशासनाचा विचार कसा मांडला ते दुसऱ्या खंडातून पाहावे. सत्य व सलोखा आयोगाच्या २०१५ च्या ९४ शिफारशी मात्र सगळ्या वाचाव्यात, कारण त्या छोट्या आहेत आणि येथील प्रत्येक सरकारी खाते त्यांच्या क्रमांकाने बोलते. मूळ रहिवाशांची दीड लाखाहून अधिक मुले घरापासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवली गेली आणि ज्यांची चौकशी या आयोगाने केली, त्यांविषयी वाचताना हेही लक्षात असावे की तुमच्या शेजारी बसलेल्या वर्गमित्राची आजी त्या मुलांपैकी एक असू शकते. त्या विषयावर वर्गात वादपटुत्व दाखवण्याची घाई करू नये.

आपल्याकडील अनुभव येथे उपयोगी पडतो का, असे सगळेच विचारतात. पडतो, आणि तो संकोच न करता मांडावा, पण तुलना नेमकी हवी. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि १८७६ चा इंडियन ॲक्ट पाच वर्षांच्या अंतराने, एकाच साम्राज्याच्या छायेत झाले. ज्याने पारधी किंवा कैकाडी वस्तीत हजेरीच्या पद्धतीच्या आठवणी ऐकल्या आहेत, त्याला प्रेअरी प्रांतांत रिझर्व्हबाहेर जाण्यासाठी लागणाऱ्या पासाचे वर्णन परके वाटणार नाही. १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेले गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गाव ही उदाहरणे येथील प्राध्यापकांना मनापासून ऐकायची असतात. फरक असा की पेसाने ग्रामसभेला दिलेले अधिकार संसदेने दिलेले आहेत, आणि येथील अनेक समाजांचे म्हणणे असे की आमचा अधिकार कोणी दिलेला नाही, तो तुमच्या आगमनाआधीपासून आहे आणि तहांनी तुम्ही तो ओळखला आहे. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मूळ रहिवासी हक्क जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिले, परंतु स्वातंत्र्याच्या वेळची सारी जनता मूळ रहिवासीच आहे ही आपली भूमिका कायम ठेवली. कॅनडाने विरोधात मत दिले, आणि २०२१ मध्ये तोच जाहीरनामा अमलात आणण्याचा कायदा केला. या विरोधाभासावर उत्तम निबंध होऊ शकतो.

अभ्यासक्रम निवडताना एक व्यावहारिक सावधगिरी बाळगावी. ओटाव्यातील कार्लटन विद्यापीठात लोकधोरण व प्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासाबरोबर हा विषय घेता येतो. व्हिक्टोरिया आणि विनिपेग येथील विद्यापीठांतही या विषयाचे स्वतंत्र शिक्षण आहे. यांतील काही पदविका मुख्यतः मूळ रहिवासी संस्थांत आधीच नोकरी करणाऱ्यांसाठी आखलेल्या असून बऱ्याचशा ऑनलाइन चालतात. ऑनलाइन भागाचा परिणाम विद्यार्थी परवान्यावर आणि शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर होऊ शकतो, म्हणून शुल्क भरण्यापूर्वी विभागाकडून लेखी खुलासा मागवावा. परवान्यांचे नियम सतत बदलतात. एजंटाच्या सांगण्यापेक्षा सरकारी संकेतस्थळावरील मजकूर खरा मानावा.

आल्यावरची कामे फार अवघड नाहीत. नोकरीसाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर, बँकेचे खाते आणि फोन ही पहिल्या आठवड्याची कामे. ऑन्टारियोचा सरकारी आरोग्य विमा परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. त्याऐवजी यूहिप हा विमा विद्यापीठामार्फत घ्यावाच लागतो, आणि दात व औषधे त्यात येत नसल्याने त्यांची वेगळी सोय पाहावी. पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या शुल्कात बस व ओ-ट्रेनचा (शहरी रेल्वेचा) यू-पास धरलेला असतो, त्यामुळे विद्यापीठाला अगदी खेटून महागडी खोली घेण्याचे कारण नाही. जागा न पाहता आगाऊ पैसे पाठवू नयेत. जाड कोट भारतातून आणू नये. जानेवारीत पारा उणे पंचविसापर्यंत उतरतो आणि त्या थंडीचे कपडे व बूट येथेच चांगले मिळतात. कार्लटनच्या इमारती भुयारांनी जोडलेल्या आहेत, त्यामुळे आवारात फिरताना हिवाळा फारसा जाणवत नाही. सत्र चालू असताना आवाराबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येते, पण या विषयाचे वाचन इतके असते की पहिल्या सत्रात त्याहून बरेच कमी काम घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओटावा हे शहर या विषयाच्या विद्यार्थ्यासाठी स्वतःच एक ग्रंथालय आहे. संसदेची टेकडीसुद्धा अल्गोंक्विन अनिशिनाबे लोकांच्या अशा भूमीवर उभी आहे की जी त्यांनी कोणत्याही तहाने सोडलेली नाही; ऑन्टारियोच्या बाजूच्या सुमारे ३६,००० चौरस किलोमीटरच्या दाव्याबाबत २०१६ मध्ये तत्त्वतः करार झाला आहे, अंतिम तह नाही. प्रत्येक सभेच्या आरंभी वाचल्या जाणाऱ्या भूमी-निवेदनामागे हे वास्तव आहे. येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आरजी १० या क्रमांकाखाली इंडियन अफेअर्स खात्याचे दप्तर आहे, आणि थोड्याच अंतरावरच्या सर्वोच्च न्यायालयातील सुनावणी कोणालाही समोर बसून ऐकता येते. कार्लटनमधील मूळ रहिवासी विद्यार्थ्यांच्या ओजिगक्वानोंग केंद्राला किटिगन झिबी या अल्गोंक्विन समाजाचे ज्येष्ठ विल्यम कमांडा यांचे अल्गोंक्विन नाव दिलेले आहे. ती त्या विद्यार्थ्यांची हक्काची जागा आहे. खुल्या कार्यक्रमांना जरूर जावे, एरवी आमंत्रणाची वाट पाहावी.

आता संशोधनाविषयी, कारण अडचण येथेच येते. प्रबंधासाठी एखाद्या समाजाबरोबर काम करायचे असेल, तर विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी पुरेशी नसते. संशोधनाच्या राष्ट्रीय नियमावलीचे नववे प्रकरण समाजाचा सहभाग अपेक्षित धरते, आणि फर्स्ट नेशन्सनी १९९८ मध्ये मांडलेल्या ओकॅप तत्त्वांनुसार माहितीची मालकी, नियंत्रण, उपलब्धता आणि ताबा त्या समाजाकडे राहतो. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की बँड कौन्सिलला पत्र जाते, ते त्यांच्या बैठकीत केव्हा येईल ते त्यांच्या कामाच्या व्यापावर ठरते, मग करारनामा होतो, आणि मुलाखतींच्या ध्वनिफिती कोणाजवळ राहतील, समाजाला मजकूर आधी दाखवायचा का, एखादी गोष्ट छापू नये असे ज्येष्ठांनी सांगितले तर काय करायचे, हे सगळे त्यात लिहिलेले असते. समाज नाहीही म्हणू शकतो, आणि त्याचे कारण देण्यास तो बांधील नसतो. दोन वर्षांच्या पदवीत हे बसवायचे तर पहिल्याच सत्रात मार्गदर्शकाशी बोलावे. ज्यांच्याकडे आधीपासूनचे संबंध नाहीत त्यांनी निकाल, अहवाल आणि सरकारी दप्तर यांवर आधारित विषय घ्यावा. त्यात कमीपणा नाही. उलट सरकारच्या वागणुकीचा अभ्यास करणारे येथे हवेच आहेत.

अनिशिनाबे ज्येष्ठांकडे ज्ञान मागायला जाताना तंबाखू देण्याची रीत आहे: कापडाच्या चौकोनी तुकड्यात सुटी तंबाखू बांधून, काय विचारायचे आहे ते सांगून ती पुढे करावी, आणि त्यांनी ती घेतली म्हणजे विनंती स्वीकारली असे समजावे. इनुइट ज्येष्ठांच्या बाबतीत ही रीत लागू नाही, म्हणून आधी त्यांच्या साहाय्यकाला विचारावे. मानधन वेगळे द्यायचे असते आणि ते विभागाच्या खर्चात धरलेले असावे.

नोकरीबाबत स्पष्ट लिहिणे योग्य. केंद्र सरकारच्या बहुतेक जाहिरातींत नागरिकांना आणि स्थायी निवास असलेल्यांना प्राधान्य असते, त्यामुळे पदवीनंतरच्या पहिल्या वर्षी तेथे प्रवेश मिळणे कठीण असते. मूळ रहिवाशांच्या संस्था आपल्या माणसांना प्रथम घेतात, आणि ते न्याय्यच आहे. तरी अर्थसंकल्प, सांख्यिकी, जमीन-नकाशे, पाणीपुरवठा प्रकल्पांचे लेखे अशा कामांसाठी त्यांना बाहेरची माणसे लागतात. त्यामुळे धोरणाच्या पेपरांबरोबर सार्वजनिक वित्त आणि संख्याशास्त्र हे दोन विषय जरूर घ्यावेत, फ्रेंच जमेल तितकी शिकावी, आणि अर्जात आदिवासी भागातील सेवेच्या भावनेविषयी चार ओळी लिहिण्यापेक्षा ग्रामसभेचा हिशेब कसा ठेवला, वनहक्क दाव्याचा नकाशा कसा तयार केला, याचे तपशील द्यावेत. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांवरच येतो.