गोकाकच्या धबधब्यावर कातळ वर सरकताना बघा
पावसाळ्यात, घटप्रभा भरून वाहत असताना जा. उन्हाळ्यात धार बारीक होते आणि प्रयोग फसतो. कठड्याआड उभं राहून धारेतून डोकावणारा एखादा काळा दगड निवडा आणि 60 सेकंद नजर तिथेच रोखा. पाण्याबरोबर डोळे खाली घसरू देऊ नका, नाहीतर दृष्टिपटलावर पाणी जवळपास स्थिरच राहतं. आता शेजारच्या कोरड्या कातळाकडे बघा. तो वर सरकतो, तरी जागा सोडत नाही! मेंदूत वेगवेगळ्या दिशांसाठी वेगळ्या पेशी असतात. ‘खाली’च्या थकल्या की ‘वर’च्यांचं पारडं जड होतं. मग एका डोळ्याने पाणी बघून दुसऱ्याने कातळ तपासा. भास फिका होतो, पण उरतो: दोन्ही डोळ्यांचे संदेश जिथे मिळतात, तिथल्या पेशीही थकलेल्या असतात.