स्कॅनर गाडीशी जोडला जात नाही? या चुका टाळा

गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर ‘संपर्क होत नाही’ असा संदेश उमटला की ‘ईसीएम (इंजिनाचा नियंत्रक संगणक) गेला’ असे सांगून मोकळे होणे, ही सर्वांत महागडी चूक होय. ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर जिथे जोडतात त्या, सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १६ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीचा थेट करंट असतो, ४ आणि ५ या पिना अर्थिंगच्या असतात, आणि या तिन्ही ठीक असल्याची खात्री होईपर्यंत पुढचे काही तपासण्यात हशील नाही.

स्कॅनरचा दिवाच लागत नसेल तर आधी फ्यूज पाहावा. अनेक गाड्यांत तो सिगारेट लायटरच्या सॉकेटशी सामाईक असल्याने, ‘गाडीत मोबाइल चार्ज होत नाही’ ही ग्राहकाने जाता जाता केलेली तक्रार पुष्कळदा खरे उत्तर असते.

मल्टिमीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत आमच्याकडे आलेल्या एका गाडीत मीटर १२.४ व्होल्ट दाखवत होता, तरी स्कॅनर चालू होऊन लगेच बंद पडे. त्याच पिनांवर टेस्ट लॅम्प (तपासणीचा छोटा बल्ब) लावला तर तो काजव्यासारखा मिणमिणला; ड्रायव्हरच्या पायाखालचे मॅटिंग उचलल्यावर अर्थिंगच्या बोल्टखाली हिरवट थर दिसला. मीटर नाममात्रच करंट ओढतो, म्हणून गंजलेला जोडही त्याला धडधाकट वाटतो. पॉलिश पेपरने बोल्ट घासला आणि स्कॅनर जोडला गेला.

दिवा लागूनही संपर्क होत नसेल, तर इग्निशन ऑन आहे ना, हे पाहावे. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ६ आणि १४ या कॅनच्या (गाडीतील मॉड्यूल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्या जाळ्याच्या) पिनांमधला रेझिस्टन्स मोजावा. केबल तशीच ठेवून घेतलेले रीडिंग फसवे असते. या जाळ्याच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असल्याने साधारण ६० ओहम यावेत. १२० आले तर एका बाजूची वायर तुटलेली असण्याचा संभव असतो, शून्याजवळ आले तर दोन्ही वायर एकमेकींना शॉर्ट आहेत. गेटवे (सॉकेट आणि आतले जाळे यांमधले मॉड्यूल) असलेल्या गाड्यांत हे आकडे लागू पडतीलच असे नाही. तेथे वायरिंग डायग्रामच पाहावा. अनेक जुन्या गाड्या ७ क्रमांकाच्या पिनेवरील के-लाइन या एकाच वायरीवरून स्कॅनरशी बोलतात, त्यांत ही मोजणी व्यर्थ.

मीटरची जाड टोके सॉकेटमध्ये खुपसू नयेत. आतले टर्मिनल फाकते आणि नवाच दोष जन्माला येतो. रेझिस्टन्स बिघडलेला आढळला, तर कंपनीचे मॉड्यूल सोडवण्याआधी बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर किंवा म्युझिक सिस्टिमचा कपलर काढून पुन्हा मोजावे.