इन्कम टॅक्सची स्क्रुटिनी लागली तर सीएकडून काय काय करून घ्यायचं

नोटीस आली की सांगलीच्या मार्केट यार्डात माणूस आधी शेजारच्या गाळ्यावर विचारतो, मग पाव्हण्याला फोन लावतो आणि सीएकडे जातो तारीख तोंडावर आल्यावर. असं करू नका, नोटीस दिसली की लगेच सीएला पाठवा, कारण ती कसली आहे हेच आधी बघायचं असतं. कलम १४३(१) म्हणजे नुसतं रिटर्नचं इंटिमेशन, म्हणजे कळवणं, १४३(२) म्हणजे खरी स्क्रुटिनी, रिटर्नची कसून तपासणी. नोटिशीवरचा डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख नंबर, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर टाकून नोटीस खरी की बनावट तेही बघून घ्यायला सांगा.

आता बहुतेक स्क्रुटिनी फेसलेस असते, साहेब कोण, कुठला, काही कळत नाही, सगळं पोर्टलवर लेखी. म्हणून सीएचं खरं काम उत्तर लिहिण्यात आहे.

समजा हळदीचा व्यापारी आहे आणि शेतकऱ्याला ४०,००० रोख दिलेत. १९६१ च्या कायद्यातलं कलम ४०ए(३) म्हणतं की एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च धरायचा नाही, म्हणजे विक्री तशीच राहिली आणि खरेदी उडाली, टॅक्स किती वाढेल बघा! पण नियम ६डीडी मध्ये शेतमाल थेट पिकवणाऱ्याकडून घेतला तर सूट आहे. जाणकार सीए नुसतं कलम लिहून थांबत नाही, तो तुमच्याकडून शेतकऱ्याचं नाव-गाव, हळदीची नोंद असलेला सातबारा, वजनाची पावती, पैसे मिळाल्याची सही असं एकेक मागतो आणि खरेदीच्या तारखेला जुळवून लावतो. वैताग येतो पण द्या सगळं. आणि मधल्या व्यापाऱ्याकडून घेतलेला माल शेतकऱ्याचा म्हणून दाखवू नका, तिथंच केस फसते.

मेव्हण्याकडून उसने घेतलेले पैसे खात्यात दिसत असतील तर मेव्हण्याचं कन्फर्मेशन (पैसे दिल्याचं लेखी पत्र), पॅन, बँक स्टेटमेंट लागतं. २०,००० किंवा जास्त उसने रोखीत घेतले असतील तर ते सीएला आधीच सांगा, लपवलेलं एआयएसमधून (इन्कम टॅक्सकडं असलेला तुमच्या व्यवहारांचा तक्ता) किंवा बँकेकडून बाहेर आलं की त्याला बाजू मांडायला जागाच राहत नाही.

कागद गोळा व्हायला वेळ लागणार असेल तर मुदतवाढ तारीख संपायच्या आत मागायची. इन्कम टॅक्सवाल्यांना तुमचं उत्पन्न वाढवून धरायचं असेल तर आधी कारणे दाखवा नोटीस येते, तेव्हा व्हिडिओवर सुनावणी मागता येते, ती मागायला लावाच. ऑर्डर विरोधात गेली तर अपीलला ३० दिवस असतात, त्यामुळे फी ठरवतानाच विचारून घ्या की अपील त्यात धरलंय का वेगळं.