म्युझिकल कॉमेडीतून इंग्रजी शिकताय? या चुका टाळा

म्युझिकलमधून इंग्रजी शिकायचं ठरवलं की बरेच जण आधी गाण्यांचे बोल छापून घेतात, अवघड शब्दांखाली रेघा मारतात आणि अर्थ वहीत उतरवतात. वही भरते, पण बोलायची वेळ आली की त्यातला एकही शब्द आठवत नाही. यात म्युझिकलचा दोष नाही. विनोदी गाण्यात प्रेक्षक जिथे हसतात तिथेच बहुतेक वेळा व्याकरण दडलेलं असतं, आणि आपण नेमकी तीच जागा ओलांडून पुढे जातो.

विनोद न कळता पुढे सरकणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गीतकार गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन यांच्या १८७८ च्या ‘एच. एम. एस. पिनाफोर’मध्ये कॅप्टन फुशारकी मारतो की समुद्रावर आपल्याला कधीच मळमळत नाही. खलाशी विचारतात, ‘व्हॉट, नेव्हर?’ तो ठासून सांगतो, ‘नो, नेव्हर!’ ते पुन्हा विचारतात आणि तो नरमतो: ‘हार्डली एव्हर!’ ‘कधीच नाही’वरून तो ‘सहसा नाही’वर घसरतो, एवढाच विनोद. पण त्यात दोन धडे आहेत. ‘हार्डली’चा ‘हार्ड वर्क’मधल्या मेहनतीशी संबंध नाही. ‘ही वर्क्स हार्डली’ म्हणालात तर तो जेमतेमच काम करतो, असा अर्थ होईल. दुसरं म्हणजे मराठीत ‘कधीच’सोबत ‘नाही’ लागतंच, त्यामुळे आपण ‘आय डोन्ट नेव्हर’ असं बोलून बसतो. इंग्रजीत ‘नेव्हर’ आणि ‘हार्डली’ यांच्या पोटातच नकार असतो, वेगळा ‘नॉट’ नको.

याच जोडीच्या १८७९ च्या ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’चं तर कथानकच शब्दांच्या घोळावर उभं आहे. फ्रेडरिकला ‘पायलट’कडे, म्हणजे जहाजाच्या वाटाड्याकडे, शिकायला ठेवायचं असतं. दाईला नीट ऐकू येत नाही, म्हणून ती त्याला ‘पायरेट’कडे सोडते. पुढे कळतं की करारात एकविसाव्या वर्षापर्यंत नव्हे, एकविसाव्या ‘बर्थडे’पर्यंत असं लिहिलंय. पठ्ठ्याचा जन्म २९ फेब्रुवारीचा! वय एकवीस, वाढदिवस मात्र पाचच.

प्रेक्षक हसले आणि तुम्हाला हसू आलं नाही, तर थांबा. त्या ओळीतला एकेक शब्द जवळच्या अर्थाच्या शब्दाने बदलून पाहा. ‘बर्थडे’च्या जागी ‘यिअर’ घातला की विनोद मरतो. म्हणजे शिकायचा शब्द तोच. तरीही उलगडा झाला नाही तर उच्चार तपासा. याच नाटकात ‘ऑर्फन’ (अनाथ) आणि ‘ऑफन’ (बऱ्याचदा) यांवरून लांबलचक गोंधळ होतो. छापील संहितेत ते दोन शब्द अगदी वेगळे दिसतात. जुन्या ब्रिटिश उच्चारात मात्र ते सारखेच ऐकू येत, म्हणून वाचून हा विनोद सापडत नाही.

सर्वांत वेगवान गाण्यापासून सुरुवात

‘पायरेट्स’मधलं मेजर-जनरलचं भरधाव गाणं पाठ करायचा मोह मलाही समजतो. जीभ वळायला ते उत्तमच आहे. पण ‘हायपॉटेन्यूस’सारखे (त्रिकोणाचा कर्ण) शब्द तिथे यमकासाठी आणि पांडित्याची थट्टा करायला आलेत. शब्दसंग्रहासाठी आधी दोन गाण्यांच्या मधले संवाद घ्या.

पात्राची भाषा जशीच्या तशी उचलणं

‘माय फेअर लेडी’ १९५६ साली ब्रॉडवेवर आलं. त्यातली फुलं विकणारी एलायझा सुरुवातीला ‘ह’ गाळते, हे कोणाच्याही लक्षात येतं. पण तिला शुद्ध बोलायला शिकवणारा प्राध्यापक हिगिन्सही चुकतो. लोक इंग्रजीचा खून पाडतात म्हणून चिडलेला हा माणूस फाशीबद्दल ‘हंग’ म्हणतो, कारण पुढे ‘टंग’शी यमक जुळवायचंय. माणसाला फाशी देण्यासाठी प्रमाण इंग्रजीत ‘हँग्ड’ हे रूप वापरतात. तेव्हा बोलणारा कितीही शिकलेला असो, गाण्यातलं रूप किंवा शब्दक्रम खटकला तर शब्दकोशात पाहून मगच वापरा.

सुटा शब्द लिहून ठेवणं

‘गाइज अँड डॉल्स’ (१९५०) मधली अ‍ॅडलेड वर्षानुवर्षं लग्नाची वाट पाहतेय आणि तिची सर्दी काही जात नाही. गाण्यात ती वैद्यकीय पुस्तकातली जड वाक्यं वाचते, मग ‘इन अदर वर्ड्स’ म्हणून तीच गोष्ट स्वतःच्या साध्या बोलीत सांगते. अवघड इंग्रजी आणि त्याचं सोपं रूप एकाच गाण्यात मिळतं. सोपं करून सांगताना ती म्हणते, ‘अ पर्सन कॅन डेव्हलप अ कोल्ड’. मराठीत माणसाला सर्दी होते, म्हणजे वाक्याचा कर्ता सर्दी असतो. इथे कर्ता माणूस आहे. वहीत नुसतं ‘कोल्ड म्हणजे सर्दी’ लिहिलंत तर ही रचना निसटेल. पूर्ण वाक्य उतरवा आणि खाली त्याच साच्यात स्वतःबद्दलचं एक वाक्य लिहा.