मानेची कॉलर घेऊन घरी यायच्या आधी

डिस्चार्जच्या गडबडीत औषधं, बिलं, फाइल हे सगळं होतंच, त्याबद्दल लिहीत बसत नाही. तुम्ही आधी एकच विचारा: पॅडचा दुसरा सेट कुठाय? कडक कॉलर म्हणजे बाहेर पुढचा-मागचा अशा दोन भागांचं प्लास्टिकचं कवच आणि आत वेल्क्रोने लावलेले पॅड, ते घामाने, लाळेने, सांडलेल्या खाण्याने रोज घाण होतात, रोज धुवावे लागतात, आणि पटकन वाळत नाहीत. मागच्या वेळी आम्ही एकाच सेटवर घरी आलो, ओलसर पॅड परत लावले आणि हनुवटीखालची कातडी आधी पांढरी पडून फुगली, मग सोलवटली. आणि सोलवटली म्हणून कॉलर काढून ठेवता येत नाही ना, तिथेच तर गोची आहे. तर दुसरा सेट. त्याच मॉडेलचा, त्याच साइजचा, "जवळपास बसेल" असला नको. 'फिलाडेल्फिया' नावाच्या प्रकारासारखी अख्खी फोमची कॉलर असेल तर पॅड वेगळे निघतच नाहीत, मग धुण्यासाठी दुसरी कॉलर लागेल का ते विचारून घ्या.

दुसरं, घरातली दोन माणसं वॉर्डातच शिकवून घ्या. नर्सने करून दाखवलं म्हणजे आपल्याला आलं असं नसतं, त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने काढून लावून बघा. लावून झाली की समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि पट्टे जिथवर येतात तिथे मार्कर पेनाने खूण करा, दोन्हीकडे सारखी. हनुवटी पुढच्या भागाच्या कडेपर्यंत नीट टेकलेली पाहिजे, आत घसरत असेल तर कॉलर सैल आहे. पेशंटला सैल बरी वाटते, बरी वाटू दे, सैल ठेवायची नाही.

पॅड बदलताना पेशंट उताणा, सपाट, उशी काढून. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर तेच ऐका. एकाने डोक्याच्या बाजूला उभं राहून दोन्ही हातांनी डोकं धरायचं आणि धरूनच ठेवायचं, फोन वाजला तरी. दुसऱ्याने पुढचा भाग काढायचा, कातडी सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायची, नुसत्या पाण्याने पुन्हा पुसायची, कोरडी करायची, आणि कोरडी म्हणजे कोरडी, मग धुऊन वाळलेला पॅड लावून पुढचा भाग परत बसवायचा. त्यानंतर ओंडका फिरवावा तसं डोकं, खांदे, कंबर एकदम कुशीवर आणि मग मागचा भाग. पेशंटने मधेच "मी वळतो" म्हणून मान उचलायची नाही, हे सुरू करायच्या आधी सांगा, दर वेळी सांगा. हे सगळं चालू असताना वाळलेला सेट हाताशी पाहिजे, म्हणून दुसरा सेट, परत सांगतोय. काढलेला सेट धुवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, पसरून ठेवा. ड्रायरने वाळवू नका. कॉलरच्या खाली पावडर, क्रीम काही लावायचं नाही, दमटपणा अडकतो आणि कातडी आणखी खराब होते.

रोज बघायच्या जागा: हनुवटी, जबडा, कानामागे, डोक्याचा मागचा उंचवटा, हासळीची हाडं. मागचा उंचवटा सगळे विसरतात कारण केसांत दिसत नाही, बोटाने चाचपा. लालसरपणा अर्ध्या तासात गेला नाही, फोड आला, वास यायला लागला तर कळवा, "बघू उद्या" करू नका. दाढी रोज, पॅड बदलतानाच, पेशंट आडवाच असताना. लांब केस वर बांधून कॉलरच्या बाहेर, कानातलं गळ्यातलं काढून.

घरात मुख्य अडचण ही की खाली बघता येत नाही. पायपुसणी, वायरी, चपला, पायात येणारं मांजर, सगळं हटवा. बाथरूममध्ये खुर्ची. समोरून बटणं असलेले शर्ट. उठताना कुशीवर होऊन, पाय खाली सोडून, हाताने रेटा देत. जेवताना ताठ बसवून छोटे घास, ताट उंच ठेवून, पाण्याला स्ट्रॉ, आणि घशात अडकतंय म्हणाला तर ते हसण्यावारी नेऊ नका.

हातापायात नवीन बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-संडासवर ताबा न राहणं, श्वासाला त्रास, यातलं काहीही झालं तर थेट हॉस्पिटल, पॅडबिड नंतर.

कॉलर किती दिवस ते डॉक्टर ठरवणार, बऱ्याचदा ६ ते १२ आठवडे. दुखत नाही म्हणून आपल्या मनाने काढायची नाही, झोपतानाही नाही. तपासणी करून काढायला सांगितलं की मान आधी अशक्तच वाटते, ते होतं, सांगतील तसं हळूहळू सोडा, व्यायाम फिजिओ सांगेल तेवढाच. गाडी चालवणं तर कॉलर असेपर्यंत नाहीच, नंतरही विचारून.