गोटी सोड्याची जुनी बाटली: आधी वाचा, मग धुवा

सोलापुरात गोटीची जुनी बाटली हाती आली की पहिली इच्छा होते ती नळाखाली धरून चकचकीत करण्याची. तेवढं आवरा. बाटलीचं वय, गाव आणि मालक सांगणाऱ्या खुणा आधी टिपून घ्यायच्या असतात. तोंडातल्या गाळासकट चार बाजूंनी, बुडाचा आणि ओठाचा असे फोटो काढा, मगच पाण्याला हात लावा.

गोटी आली कुठून? सोड्यातला वायू टिकवायचा तर बूच घट्ट बसायला हवं, आणि कॉर्क वाळला की आकसतो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बुडाला टोक असलेल्या, अंड्यासारख्या बाटल्या निघाल्या. त्या उभ्याच राहत नसत, आडव्या ठेवाव्या लागत, त्यामुळे कॉर्क आतून ओला राही. हायरम कॉड यांनी 1872 च्या सुमारास कॉर्कच काढून टाकला. ओठाच्या आतल्या खाचेत रबरी वायसर आणि मानेत काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरली की गोटी वायसरवर येते आणि वायूचा दाब तिला तिथेच दाबून धरतो. लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलली की सोडा मोकळा. विल्यम पेंटर यांनी पत्र्याचं क्राउन बूच काढलं ते 1892 मध्ये. सोलापूरची पहिली कापडगिरणी 1877 मध्ये सुरू झाली. म्हणजे गिरणीच्या पहिल्या पिढीच्या वेळी पत्र्याचं बूच अजून निघालंच नव्हतं. तेलुगू आणि कन्नड घरांत हा ‘गोली सोडा’, त्यामुळे घराघरांत चौकशी करताना दोन्ही नावं वापरा.

आता सगळ्यात मोठी फसगत. पाश्चात्त्य मार्गदर्शकांत एक नियम असतो: साच्याची उभी रेघ ओठाच्या खाली थांबली तर बाटलीचं तोंड हाताने घडवलेलं, म्हणजे ती साधारण 1910–15 च्या आधीची, रेघ ओठावरून पार गेली तर यंत्राची. क्राउन बुचाच्या बाटल्यांना हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो, कारण पूर्ण स्वयंचलित यंत्र 1903 नंतर पसरलं. गोटीच्या बाटलीला मात्र लावू नका. गोटी आत टाकल्याशिवाय तिचा ओठ पुरा करताच येत नाही, त्यामुळे कालपरवाच्या बाटलीचाही ओठ वेगळा घडवलेला असतो. अशा बाटल्या भारतात अजून बनतात. काचेतले बुडबुडे, वाकडी मान, हिरवट झाक यांचंही तेच. हिरवट-निळसर रंग वाळूतल्या लोहाने येतो, वयाने नाही. म्हणून हातगाडीवाल्याकडून आजची एक बाटली विकत घेऊन ती तुलनेसाठी कायम जवळ ठेवा. दोन्ही शेजारी उभ्या केल्या की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

आपल्याकडची बाटली काचेपेक्षा अक्षरांवरून जास्त नेमकी ओळखता येते. उठावाच्या अक्षरांवर टॉर्च तिरका धरा. पुसट ओळही सावलीने उठून दिसते. तरीही लागत नसेल तर पातळ कागद लावून मऊ पेन्सिल फिरवा. मग या खुणा शोधा. माप औंसात असेल तर बाटली बहुधा साठच्या दशकाच्या आधीची, कारण दशमान मापं 1958 पासून टप्प्याटप्प्याने आली आणि 1962 पर्यंत सक्तीची झाली. एफपीओचा, म्हणजे फळांच्या पदार्थांबद्दलच्या सरकारी आदेशाचा, शिक्का असेल तर 1955 नंतरची. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरची. गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एस’नंतर ‘एच’ असेल तर ते जुनं शोलापूर. पण दुकानदार जुनं नाव पुढेही चालवतात, म्हणून एवढ्याच खुणेवर विसंबू नका. उठावाच्या अक्षरांऐवजी रंगीत छपाई असेल तर ती तीसच्या दशकापासूनची पद्धत.

माप लिहिलेलं नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. कोरडी बाटली तोला, काठोकाठ पाणी भरून पुन्हा तोला. फरक जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. दहा ब्रिटिश औंस म्हणजे 284 मिलिलिटर. काठोकाठ भरल्यावर आकडा याहून थोडा जास्तच येणार, कारण वर मोकळी जागा सोडून बाटली भरली जाई.

विकत घेताना आधी बोटाने ओठ चाचपा. टवका उडालेला असेल तर किंमत निम्म्याहून खाली मागायला संकोच नको. मानेतल्या दोन खोबणी शाबूत हव्यात. सोडा ओतताना गोटी तिथे अडकते, नाहीतर ती पुन्हा तोंडात येऊन बसते. बुडाची कडा पाहा. खरोखर वापरलेल्या बाटलीवर बारीक, वेगवेगळ्या दिशांच्या चरा असतात. सँडपेपर मारलेली असेल तर चरा एकाच दिशेने जातात. काच संशयास्पद तुळतुळीत वाटली तर कोरड्या रुमालाने घासा. धुरकटपणा लपवायला तेल लावलेलं असेल तर रुमालावर उतरतं. गोटीच्या गडद निळ्या बाटलीबद्दल विशेष सावध राहा. अस्सल निळ्या बाटल्या दुर्मीळ आणि महाग असल्याने त्यांच्या नकला भरपूर निघाल्या आहेत. आमच्या मते साध्या हिरवट काचेवर सोलापुरातल्या सोडावॉटरवाल्याचं नाव असेल तर ती संग्रहात पहिली हवी. कारखाना बंद झाल्यावर त्या नावाचा दुसरा पुरावा सहसा उरत नाही.

धुताना टबात टेरी टॉवेल अंथरा, म्हणजे बाटली घसरून आपटणार नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून चोवीस तास भिजू द्या. उन्हात तापलेल्या बाटलीवर थंड पाणी कधीही ओतू नका. सोलापूरच्या मे महिन्यात बाटल्या अशाच तडकतात. आतला गाळ काढायला वाळू नको, तिने काच चरते. मूठभर तांदूळ आणि पाणी घालून हलक्या हाताने गोल फिरवा, आणि रिकामी करताना खोबणी खालच्या बाजूला धरा, म्हणजे गोटी वाट अडवणार नाही. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवला की सुटतो. काळ्या मातीत गाडली गेलेली बाटली धुऊनही इंद्रधनुषी किंवा दुधी दिसत असेल तर तो मळ नव्हे. ओलाव्याने काचेतला क्षार निघून गेल्याने पृष्ठभागच बदललेला असतो. तो घासून जात नाही. संडास साफ करायचं ॲसिड तर लांबच ठेवा. रंगीत छपाईच्या बाटलीला घासणी आणि धुण्याचा सोडा दोन्ही वर्ज्य. कडक झालेला वायसर उकरून काढू नका, ओठ हमखास फुटतो.

जुन्या बाटलीत पुन्हा वायू भरू नका. डोळ्यांना न दिसणारा तडाही दाबाखाली स्फोटासारखा फुटतो.

भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित जागेत किंवा भोवती बाटल्यांसाठी खणणं बेकायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवण्याआधी 1972 चा पुरावस्तू कायदा पाहा.

बाटल्या पश्चिमेच्या खिडकीत नकोत. फळीच्या पुढच्या कडेला दोन सेंटिमीटरची पट्टी ठोका. घर हलवताना जुन्या सोलापुरी चादरीचे तुकडे गुंडाळा. वर्तमानपत्राची शाई ओलसर काचेवर उतरते. प्रत्येक बाटलीला क्रमांक द्या, पण चिकटपट्टी काचेवर लावू नका. मानेला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. वहीत त्या क्रमांकासमोर उंची, वजन, माप, अक्षरं जशीच्या तशी, आणि ती कोणत्या पेठेत, कुणाच्या घरी, कोणत्या तारखेला मिळाली ते त्याच दिवशी लिहा.