अर्कात अळंबी किती आणि जिवाणू किती?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरून सायकलने प्रयोगशाळेत जात मी गॅनोडर्मा या औषधी अळंबीवर काम केले. वाळवलेली अळंबी दळून पाण्यात उकळणे, गाळलेल्या अर्कात चौपट इथेनॉल घालून तो ४ अंशांवर रात्रभर ठेवणे आणि तळाशी बसलेले पॉलिसॅकराइड (शर्करेच्या लांब साखळ्या) गोळा करणे, हे आपणांस ठाऊक असेलच. ट्रायटर्पीन ही अळंबीतली कडू संयुगे हवी असतील तर थेट इथेनॉलचा अर्क घ्यावा लागतो, हेही. अँटिऑक्सिडंट गुण तपासायच्या डीपीपीएच या जांभळ्या रसायनाचा रंग ५१७ नॅनोमीटरला उतरला की ‘आरोग्यरक्षक’ असे लिहून मोकळे होणे ही मात्र मला पळवाट वाटते. तो रंग चहाही उतरवतो.

माझी फसगत त्यापुढे झाली. उंदराच्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींना ते पॉलिसॅकराइड देताच टीएनएफ-आल्फा हे त्या चेतल्याचे दाखवणारे प्रथिन इतके वाढले की मार्गदर्शकांनी त्याच आठवड्यात शोधनिबंधाचा मसुदा मागितला. (घाईने पाठ थोपटणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा खडूस मार्गदर्शक परवडतो.) आठ महिन्यांनी एका परीक्षकांनी एंडोटॉक्सिन या जिवाणूजन्य विषाविषयी विचारले. एंडोटॉक्सिनला बांधून निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन-बी मिसळून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. ऊर्ध्वपातित पाण्याच्या टाकीच्या तळाशी बुळबुळीत थर साचला होता, आणि मी अळंबीच्या नावाने त्यातल्या जिवाणूंचे गुण मोजत होतो.

हे नीट समजून घ्या. एंडोटॉक्सिन म्हणजे ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्य आवरणातले लिपोपॉलिसॅकराइड. मिलीलिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी या पेशी चेतवल्या जातात. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन मात्र टिकून राहते, आणि इथेनॉल घातल्यावर तेही पॉलिसॅकराइडबरोबर खाली बसते, म्हणजे ज्या पायरीला आपण शुद्धीकरण म्हणतो त्याच पायरीवर ते जमा होत जाते. म्हणून काचेची भांडी २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवा. एंडोटॉक्सिन मोजण्याची नेहमीची एलएएल चाचणी बीटा-ग्लुकन या पॉलिसॅकराइडलाही प्रतिसाद देते, आणि अळंबीच्या पेशीभित्तिकेत तेच भरलेले असते. त्यामुळे ग्लुकनरोधक बफर किंवा ग्लुकनला न फसणारी रिकॉम्बिनंट फॅक्टर-सी चाचणी वापरल्याशिवाय तिच्या आकड्यावर विसंबू नका.

एवढे वाचून विषय सोडू नका. नव्या पाण्यात काढलेल्या माझ्या अर्काचा परिणाम पहिल्याच्या मानाने बराच कमी, पण पॉलिमिक्सिननेही न मावळणारा निघाला. तुम्ही मात्र पहिल्याच आठवड्यात अळंबी न घालता नुसते पाणी उकळण्यापासून इथेनॉलपर्यंत सगळ्या पायऱ्यांतून न्या आणि शेवटी जे हाती येईल ते, काहीच दिसत नसले तरी, पेशींना देऊन पाहा.